नोटेवर चेहरा कोणाचा, आणि तो ठरवतं कोण?

ऑक्टोबर २०२२. दिवाळी सरत आली होती आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फराळाचे फोटो ओसरून नोटांचे फोटो सुरू झाले होते. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा अशी मागणी केली होती. त्यावर आपल्याकडून नितेश राणे यांनी दोनशेच्या नोटेवर शिवाजी महाराज बसवलेलं चित्र टाकलं. तासाभरात ते चित्र आमच्याकडे पोचलं. मागोमाग बाबासाहेब आले, सावरकर आले, आणि एका भाच्याने गंमत म्हणून सचिन तेंडुलकरलाही पाचशेच्या नोटेवर बसवलं. काका बराच वेळ गप्प होते. आयुष्यभर बँकेत कॅशियर म्हणून नोटा मोजलेला माणूस. शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली, "हे सगळं ठीक आहे रे, पण ठरवतं कोण? सही तर गव्हर्नरची असते ना?"

मी लिहिलं, "काका, सही गव्हर्नरची, पण चेहरा दिल्लीचा." त्यावर त्यांचा थेट फोनच आला.

कायद्यातलं उत्तर अगदी छोटं आहे. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ चं कलम २५ सांगतं की नोटेचं डिझाइन, तिचा आकार आणि कागद कसा असावा याची शिफारस बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने करायची आणि ती विचारात घेऊन मंजुरी केंद्र सरकारने द्यायची. म्हणजे बँक एकटी ठरवू शकत नाही आणि सरकारनेही बँकेची शिफारस पाहूनच पुढे जायचं. संसदेत मतदान होत नाही, लोकांकडून नावं मागवली जात नाहीत. राज्य सरकारने ठराव केला, पत्र पाठवलं, तरी ते फक्त मागणी म्हणून फाइलला लागतं.

नाण्यांचा कारभार वेगळा. ती सरकार स्वतः पाडतं, २०११ च्या नाणे कायद्याखाली, आणि रिझर्व्ह बँक ती फक्त बाजारात पोचवते. एक रुपयाची नोटही सरकारचीच. घरात कुठे जुनी असेल तर काढून बघा: तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवाची सही असते, 'मैं धारक को' हे वचन नसतं, आणि गांधीजीही नसतात. काकांनी हजारो मोजल्या असतील. गांधीजी नसल्याचं मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "नोटा मोजताना चेहरा कोण बघतो? कडा बघतो आम्ही," म्हणाले.

गांधीजी पहिल्या दिवसापासून नोटेवर आहेत असं आपण धरून चालतो. तसं नाही. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली, तीही सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याची. स्वातंत्र्य मिळालं तरी राजा काही काळ नोटेवर तसाच होता; एवढ्या नोटा एका रात्रीत बदलता येत नाहीत. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आला तेव्हा पहिलं नाव अर्थातच गांधीजींचं निघालं. नुसतं निघालं नाही, त्यांच्या चेहऱ्याची डिझाइनंही तयार झाली. पण शेवटी मत सारनाथच्या सिंहांकडे झुकलं, आणि १९४९ साली एक रुपयाची नवी नोट आली ती अशोकस्तंभ घेऊन.

पुढची जवळजवळ वीस वर्षं आपल्या नोटांवर कोणत्याही माणसाचा चेहरा नव्हता. सिंह होते, धरणं होती. १९५४ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या (हो, दहा हजारांची नोट होती, १९७८ साली ती रद्द झाली). हजाराच्या नोटेवर तंजावरचं मंदिर होतं आणि पाच हजारांच्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया. मला हा काळ फार समंजस वाटतो. नवा देश, हजार तऱ्हांची माणसं, आणि नोटेवर कोणाचाच हक्क नाही.

गांधीजी आले १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. त्या नोटांवर ते बसलेले आहेत आणि मागे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची कुटी दिसते. ती खास प्रसंगाची मालिका होती. मग १९८७ साली पाचशेच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला, आणि १९९६ पासून 'महात्मा गांधी मालिका' म्हणून एकेक करत रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नोटांवर. आज नोटेवर दिसतो तो हसरा चेहरा १९४६ च्या एका फोटोतून घेतलेला आहे. फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. त्यांना कापून बाहेर ठेवलं.

आता काकांचा पुढचा प्रश्न: सिंहांनी काम भागत होतं तर माणूस आणलाच कशाला?

याचं अर्धं उत्तर छपाईत आहे. शंभरची किंवा पाचशेची कोरी नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. शाई कागदावर उभी राहिल्यासारखी लागते. कारागीर तो चेहरा धातूच्या पट्टीवर बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी उलटा कोरतो, खाचांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाने कागद त्यावर दाबतात. नोट उजेडासमोर धरली की तोच चेहरा पांढऱ्या जागेत पाण्याच्या छापात दिसतो. खोटी नोट छापणाऱ्याला इमारत जमते, फूल जमतं. चेहऱ्याशी गाठ पडली की पंचाईत होते, कारण माणसाचा डोळा चेहऱ्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. भुवई केसभर सरकली, ओठाचा कोपरा जरा उतरला, तरी 'काहीतरी चुकलंय' हे आपल्याला कारण न सांगता कळतं. म्हणून जगभर नोटेवर चेहरे, आणि शक्यतो दाढी, मिशा, सुरकुत्या असलेले. जपानने २००४ साली पाच हजार येनच्या नोटेवर इचियो हिगुची या तरुणपणीच वारलेल्या लेखिकेला आणलं, तेव्हा तिचा नितळ चेहरा कोरायला जड गेला असं सांगतात. गांधीजींचा चेहरा या हिशेबाने कोरणाऱ्याला वरदानच आहे. चष्मा, मिशी, कपाळाच्या आठ्या, सगळं आहे.

चेहरा असला म्हणजे झालं, असंही नाही. १८६१ च्या कायद्यानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात पहिल्या नोटा काढल्या त्या व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याच्या. खोट्या नोटांचा इतका सुळसुळाट झाला की त्या मागे घ्याव्या लागल्या आणि १८६७ पासून बिनचेहऱ्याच्या नोटा आल्या. आपल्या सरकारी नोटांवर चेहरा लाभलेली ओळखीची बाई म्हणाल तर ही एकच, आणि तीही परक्यांची राणी. ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली तेव्हा मावशीने फक्त एक पूर्णविराम पाठवला.

उरलेलं अर्धं उत्तर छपाईबाहेरचं आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. भारतरत्न कोणाला द्यावं आणि नोटेवर कोणाला छापावं हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत. पहिल्यात माणूस केवढा मोठा ते बघतात. दुसऱ्यात बघतात की या चेहऱ्यावरून किती जण भांडायला उठतील. आपल्याकडे मोठ्या माणसांची वानवा नाही, रांग आहे. एका राज्याला मान दिला की दुसरं विचारणार, आमचा का नाही? २०१४ साली सरकारने लोकसभेत सांगितलं होतं की रिझर्व्ह बँकेच्या समितीने यावर विचार केला आणि देशाच्या वृत्तीचं प्रतिनिधित्व गांधीजींपेक्षा चांगलं करील असं दुसरं व्यक्तिमत्त्व नाही, असं तिचं मत पडलं. २०२२ च्या जूनमध्ये टागोर आणि अब्दुल कलाम नोटांवर येणार अशा बातम्या आल्या. लगेच बँकेने खुलासा केला की असा कोणताही प्रस्ताव नाही. माझा अंदाज सांगतो: सगळ्या नोटांवर एकच चेहरा ठेवणं ही खरं तर निवड टाळण्याची युक्ती आहे. पाचशेवर एक आणि वीसवर दुसरा असं केलं की त्याच दिवशी 'आमच्याला वीसच रुपये?' हा वाद सुरू होईल.

नोटेच्या पाठीमागे डावीकडे भाषांची पट्टी असते ना, तिच्याशी ताडून बघा. पंधरा भाषा, एकाखाली एक. मराठीत 'वीस रुपये', तिच्या दोनच ओळी वर कोंकणीत 'वीस रुपया'. तिथे भांडण नाही, कारण क्रम इंग्रजी वर्णाक्षरांप्रमाणे आणि प्रत्येकीला एकेक ओळ. नवी भाषा आली की एक ओळ वाढवायची. चेहऱ्याला ओळ पुरत नाही, त्याला अख्खी नोट लागते.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं? इंग्लंडचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांनी आधी चूक केली आणि मग पद्धत बसवली. २०१३ साली बँक ऑफ इंग्लंडने जाहीर केलं की पाच पौंडांच्या नोटेवर एलिझाबेथ फ्राय या तुरुंगसुधारक बाईंच्या जागी चर्चिल येतील. म्हणजे राणी सोडली तर नोटांवर एकही बाई उरत नव्हती. कॅरोलिन क्रिआडो-पेरेझ या कार्यकर्तीने मोहीम उघडली. तीन महिन्यांत बँकेने दहा पौंडांवर लेखिका जेन ऑस्टिन येणार असं जाहीर केलं, आणि नावं निवडायला बाहेरच्या जाणकारांची समितीही नेमली. एवढ्याशा मागणीसाठी त्या कार्यकर्तीला ट्विटरवर इतक्या घाण धमक्या आल्या की दोघांना तुरुंगात जावं लागलं. कागदाच्या चिठोऱ्यावरून!

नवी पद्धत अशी: समिती आधी क्षेत्र ठरवते, मग लोकांकडून नावं मागवते, त्यातून छोटी यादी करते आणि शेवटचा शब्द गव्हर्नरचा. माणूस खरा असावा, कथेतला नको; राजघराण्याचा अपवाद सोडून हयात नको; आणि कोरता येईल असं त्याचं चित्र मिळायला हवं. पन्नास पौंडांच्या नोटेसाठी विज्ञान हे क्षेत्र ठरलं. सहा आठवड्यांत २,२७,२९९ सूचना आल्या, नियमात बसणारी नावं निघाली ९८९. त्यातून बारा पर्याय निवडले आणि त्यात आपले श्रीनिवास रामानुजन होते. शेवटी संगणकशास्त्राचा पाया घालणारे अ‍ॅलन ट्युरिंग निवडले गेले. याच माणसाला १९५२ साली समलैंगिक म्हणून त्याच देशाच्या कोर्टाने दोषी ठरवलं होतं. नोट आली २३ जून २०२१ ला, त्यांच्या वाढदिवशी.

'हयात माणूस नको' हा नियम ऐकला की भाच्याची सचिनची नोट गेली कामातून. या नियमाचं सगळ्यात मजेशीर मूळ अमेरिकेत आहे. यादवी युद्धाच्या काळात तिथे चिल्लर मिळेना, म्हणून काही सेंटांच्या छोट्या नोटा काढल्या होत्या. छपाई खात्याचा प्रमुख होता स्पेन्सर क्लार्क. पाच सेंटांच्या नोटेवर या गृहस्थांनी स्वतःचाच चेहरा छापला! संसद खवळली आणि १८६६ साली कायदा झाला की हयात माणसाचं चित्र चलनावर नको. एका कारकुनी खोडीने घातलेली ती बंदी आजही चालू आहे.

युरोपने तर माणसांचा नादच सोडला. युरोच्या नोटा २००२ साली हातात आल्या तेव्हा जर्मन संगीतकार बीथोव्हन घेतला तर फ्रान्स रुसणार, म्हणून पूल आणि खिडक्या छापल्या. पूलही खरे नकोत, नाहीतर ज्याच्या देशात पूल त्याची मिजास. रॉबर्ट कालिना या ऑस्ट्रियन चित्रकाराने कुठेच नसलेले पूल काढले. तर नेदरलँड्समधल्या स्पेइकेनिसे नावाच्या गावाने नोटांवरचे सातही पूल खरोखर बांधून काढले, नोटांच्याच रंगात. आता युरोपियन सेंट्रल बँक पुढच्या नोटांचा विचार करतेय, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिने दोन विषयांत काय दाखवायचं ते ठरवलं: एकात बीथोव्हन, मारी क्युरी, गायिका मारिया कॅलास अशी माणसं, दुसऱ्यात नद्या आणि पक्षी. मी पक्ष्यांच्या बाजूने.

चेहरा चढवणं अवघड, पण उतरवणं त्याहून. नेपाळमध्ये राजेशाही गेली तेव्हा नव्या नोटांवर राजाच्या जागी सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, आला. पण नोटांचा कागद आधीच तयार होता आणि त्याच्या पाण्याच्या छापात राजा ज्ञानेंद्र बसलेले होते. कागद फेकून देणं परवडणारं नव्हतं. मग त्या जागेवर लालीगुरांसचं फूल छापलं. उजेडात धरलं की फुलामागे राजा. बांगलादेशात २०२४ साली सत्ता पालटली आणि २०२५ च्या जूनमध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर शेख मुजीब नव्हते. ज्यांच्या नावाने देश उभा राहिला ते. आपल्या गोव्यातही हे घडलंय. पोर्तुगीज अमदानीतल्या नोटांवर अफोन्सो द अल्बुकर्क असायचा, गोवा जिंकणारा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्या नोटांसकट तो गेला.

परत आपल्या दोनशेच्या नोटेकडे येतो. महाराजांची मागणी पुन्हा पुन्हा होते, बाबासाहेबांचीही, आणि बाबासाहेबांच्या बाजूने एक वेगळा मुद्दा आहे. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला, तो १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. नोटेवरच्या माणसाला नोटेतलं कळायला हवं असा नियम असता तर दुसरं नाव शोधावं लागलं नसतं.

महाराजांच्या बाबतीत मला नेहमी त्यांचंच चलन आठवतं. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ च्या आसपास, त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराई हातात घेतलीत तर एका बाजूला तीन ओळी दिसतील, 'श्री राजा शिव', आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बस. चेहरा नाही. फारसीच्या जमान्यात देवनागरी अक्षरं नाण्यावर आणणाऱ्या राजाला स्वतःचा मुखवटा आणायची गरज वाटली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एका चुलतभावाने विचारलं, "मग तू विरोधात आहेस का?" मी विरोधात नाही. पण आजी जे म्हणाली त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "अरे, नोटा लोक कुठे कुठे नेतात. थुंकी लावून मोजतात. बारमध्ये उधळतात. तिथे महाराज चालतील तुम्हाला?" लाच मागताना 'गांधीजी दाखवा' म्हणणारी माणसं तिने पाहिलेली आहेत.

सरकारने यावर पळवाट म्हणा, मधला मार्ग म्हणा, केव्हाच काढलाय: स्मारक नाणी. नाणं सरकारचं, कायदा वेगळा, एका वर्षापुरतं पाडता येतं, आणि कितीही जणांची पाडता येतात. १९६४ साली नेहरू आले, १९८५ साली इंदिरा गांधी, १९९० साली बाबासाहेबांचा रुपया. १९९९ साली दोन रुपयांवर शिवाजी महाराज आणि त्याच वर्षी एक रुपयावर ज्ञानेश्वर. २००२ साली तुकोबा, २००७ साली पाच रुपयांवर लोकमान्य. २०२५ च्या मे महिन्यात अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून तीनशे रुपयांचं नाणं निघालं. ते बाजारात फिरणार नाही, संग्राहकांसाठी आहे. रांगेतल्या प्रत्येकाला इथे जागा मिळते आणि नोटेवरचा माणूस हलवावा लागत नाही.

नोटेच्या मागच्या बाजूलाही अशीच वाटणी झाली आहे. पन्नासवर हंपी, शंभरवर गुजरातची राणी की वाव, दोनशेवर सांची, दहावर कोणार्क. वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेवर २०१९ पासून आपलं वेरूळ आहे. इमारतीला जात नसते, पक्ष नसतो, आणि तिचं जुनं भाषण कोणी शोधून काढत नाही.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगून संपवलं. ते नुसतं "हं" म्हणाले. पुढच्या रविवारी घरी गेलो तर त्यांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत चिल्लर, रबरबँड, बंद पडलेलं घड्याळ. त्यातून एक अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं निवडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. १९९९. महाराज.

"काउंटरवर आलं होतं. खिशातले दोन रुपये टाकले आणि हे ठेवून घेतलं," म्हणाले.

अजून चालतं की ते, मी म्हटलं. खाली वाण्याकडे देऊन बघू या का?

काकांनी नाणं परत घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं.